स्पेनचं राष्ट्रगीत आणि एकोणतीसचा पाढा

माझं अख्खं कुटुंब एका संध्याकाळपुरतं स्पॅनिश झालेलं आहे. (पासपोर्ट न बदलता!)

त्याचं असं झालं. मॉन्ट्रियलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कार्मेनबाई इथल्या स्पॅनिश मंडळाच्या अध्यक्षा. २०१६ साली माद्रिदहून एक साहेब यायचे होते, परदेशातली स्पॅनिश मंडळं कितपत चालतात ते बघायला. हॉल रिकामा दिसला तर मंडळाची जागा जाणार होती. आणि मंडळात उरली होती जेमतेम सात माणसं, त्यातली दोन आजारी! बाई रडकुंडीला आल्या. हिवाळाभर त्यांनी आमची मुलगी सांभाळलेली. नाही कसं म्हणणार?

"फक्त खुर्च्या भरा," त्या म्हणाल्या. "बोलू नका."

"आणि त्यांचं राष्ट्रगीत लागलं तर?" बायकोने घरी आल्यावर विचारलं.

"ओठ हलवायचे!" मी ऐटीत म्हणालो. "शाळेत प्रार्थनेला मी तेच करायचो. मनात पाढे म्हणायचे. कोणाला कळत नाही."

"कायचा पाढा म्हणू बे?" नागपूरहून आलेले माझे वडील खुलले. नाना म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. "मी एकोणतीसचा घेतो!"

"बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," मुलगी म्हणाली. (त्या दिवशी शहाणं बोललेली ती एकटीच.)

हॉलमध्ये राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही छातीवर हात ठेवून जोरजोरात ओठ हलवू लागलो. मी तर भावनेच्या भरात डोळेही मिटले. जरा वेळाने किलकिले करून बघतो, तर खरे स्पॅनिश पाचही जण तोंड मिटून उभे, आणि साहेब आमच्याकडे टक लावून! स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत, नुसती धून! हे आधी सांगायचं नाही?

नाना तर पाढा चक्क पुटपुटत होते. मी त्यांना कोपराने ढोसलं. त्यांना वाटलं, आवाज कमी पडतोय. त्यांनी वाढवला. तेवढ्यात धून संपली आणि शांततेत खणखणीत ऐकू आलं, "एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट!" बरं, पाढा अर्धवट सोडणं मास्तरांच्या रक्तात नाही. "एकोणतीस दाहे दोनशे नव्वद!"

साहेब ताडताड चालत आले. कार्मेनबाई पांढऱ्याफटक पडल्या. पुढचं बोलणं स्पॅनिशमधलं, ते बाईंनी मला नंतर सांगितलं.

"हे गृहस्थ काय म्हणत होते?"

"शब्द," बाई चाचरल्या. "आपल्या राष्ट्रगीताला... इथल्या लोकांनी रचलेत."

साहेबांचे डोळे भरून आले. "तिकडे आमचं आजवर शब्दांवर एकमत झालं नाही. आणि तुम्ही परदेशात राहून..." त्यांनी नानांना कडकडून मिठी मारली.

"पोट्टा समजदार दिसून राहिला," नाना मिठीतून म्हणाले.

जागा वाचली. बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या आणि मलाही गलबलून आलं. पण साहेब पुन्हा कधी टपकतील याचा नेम नाही. त्यामुळे नानांनी मंडळाकडून पाढा घोकून घेतलाय, आणि आता प्रत्येक कार्यक्रमात मंडळाचे स्पॅनिश लोक ताठ उभे राहून एकोणतीसचा पाढा म्हणतात, एकही चूक न करता!

मी इंजिनिअर आहे. तो पाढा मला येत नाही. मी आपला अजूनही ओठच हलवतो.