भरमा मिस्त्रीच्या परसातली भट्टी

वडगावात आमच्या भिंतीला भिंत लागून भरमा मिस्त्रीचं घर. मूळचा खानापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. बेळगावच्या एका फाउंड्रीत पंधरा वर्षं काढली आणि अठ्ठ्याहत्तर साली साहेबाशी भांडून घरी आला. परसात मातीची भट्टी घातली. यंत्रमागाचा दांडा ज्यात फिरतो ते पितळी बुश झिजले, की गल्लीतले विणकर त्याच्याकडे यायचे. जुने बुश, फुटके नळ मुशीत वितळवून तो नवे ओतून द्यायचा. सकाळी बंद पडलेला माग संध्याकाळी सुरू. माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर मात्र रोज काजळी. मी भांडायचे, तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर.

पितळेचा रस ओतायची वेळ झाली की नाही, हे तो नुसत्या रंगावरून ओळखायचा. लवकर ओतला तर साचा भरायच्या आत गोठतो. फार तापला तर बुशाला भोकं पडतात. आपली नजर कधी चुकत नाही, हे तो दिवसातून दहा वेळा सांगायचा. खोटं नव्हतं ते, पण ऐकून कंटाळा यायचा.

त्र्याऐंशी साली ती नजर चुकू लागली. शेजारचा विणकर सत्याप्पा चार अर्धवट भरलेले बुश घेऊन आला. भरमानं कोळशाला शिव्या दिल्या. पुढच्या खेपेला साच्याच्या वाळूला दिल्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी बोलूनही गेले. आता त्याचं वाईट वाटतं.

त्याची बायको नागुबाई मात्र ते बुश निरखून बघत होती. ती इथल्याच विणकराची मुलगी. बाप सूत रंगवायचा, तिचंही लहानपण रंगाच्या कढईपाशी गेलेलं. तिनं सुताच्या दोन लड्या नवऱ्यापुढं धरल्या, एक केशरी, एक पिवळी.

"ह्यातली केशरी कंची वो?"

"दोनी एकसारख्याच की," भरमा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला डॉक्टरकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण पिकलेला नाही, वर्षभर थांबा, मग काढू, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर भरमा थंड भट्टीजवळ बसून राहिला. "मोडून टाकतो हिला," तो म्हणाला. "आंधळ्यानं इस्तवाजवळ बसू न्हाय."

"डोळं तुमचं गेल्यात, माझं हाईत न्हवं?" नागुबाई म्हणाली.

तेव्हापासून ती मुशीपाशी उभी राहून त्याला रंग सांगू लागली. लाल झालं, गुंजेवानी. आता केशरी. आता पिवळ्यावर चाललंय, पण लिंबाचा पिवळा न्हवं, झेंडूचा. भरमा डोळे मिटून ऐकायचा. पहिल्या खेपेला तिनं सांगायला उशीर केला, बुश चाळणीसारखे निघाले. गिऱ्हाइकावरही खेकसणारा हा माणूस तिला म्हणाला, "व्हतंय. मी शिकताना तर अख्खी मूस सांडलीती." ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि त्या दिवशी काजळीवरून भांडायचं मी सोडून दिलं.

चौथ्या खेपेला बुश सुरेख निघाले. दोघांनी दोन बाजूंनी धरायची पकड त्यानं करून घेतली. ओतायची बाजू तिच्या हातात, तोल सांभाळायची त्याच्या. गल्लीत कुजबुज झाली, बाईमाणसानं मूस धरावी का म्हणून. माग चालू राहिले, तशी कुजबुज बंद पडली.

वर्षानं ऑपरेशन झालं. भिंगासारखा जाड चष्मा लावून, सगळे रंग आता पहिल्यापेक्षा लखलखीत दिसतात असं सांगत भरमा परत भट्टीपाशी आला. मी मुद्दाम भिंतीवरून डोकावले; म्हटलं, आता नागुबाईची सुट्टी.

तो मुशीत वाकून म्हणाला, "झालं. घे वतायला."

"न्हाय अजून," नागुबाई म्हणाली.

भरमानं तिच्याकडं पाहिलं, पुन्हा मुशीत पाहिलं. मग पकड खाली ठेवली आणि बाजूला सरकून बसला.

तेवढ्यात सत्याप्पानं दारातून हाक दिली, "मिस्त्री हाईत का घरात?"

"हाईत की," भरमा बसल्या जागेवरून ओरडला. "रस बघायला लागल्यात. थांबा जरा, मोकळ्या झाल्या की सांगतील."