मी व्हॉल्व्ह बंद करत होतो

इंग्रजी आपल्याला पुरेसं येतं, अशी माझी पक्की समजूत होती. जळगावला डिप्लोमा करून मी बडोद्याला आलो, शहराबाहेरच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलो आणि बारा वर्षं रोजच्या नोंदी इंग्रजीतच लिहिल्या. पंप चालू केला, पंप बंद केला, एवढंच लिहायचं असायचं. त्यात कुठे अडलं नाही.

मग एका सकाळी गरम तेलाचा एक पंप नेहमीपेक्षा जास्त थरथरू लागला. मी कंट्रोल रूमला कळवलं आणि त्या पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. त्याचं चाक जड. पूर्ण बंद व्हायला तेवीस फेरे लागतात, आणि झटक्यात फिरवून चालत नाही. सोळा फेरे झाले, तोच अलार्म वाजला, पाइपाचा जोड फुटला आणि तेल उडालं. पलीकडे काम करणाऱ्या आमच्या फिटरचं मनगट भाजलं. उरलेले फेरे मारून मी त्याच्याकडे धावलो.

दुपारी रिपोर्ट लिहिला. वाक्य मला सोपं वाटलं : ‘व्हेन द अलार्म रँग, आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह.’

आठ दिवसांनी मेमो आला. अलार्म वाजेपर्यंत तुम्ही काहीच केलं नाही, असं तुमच्याच रिपोर्टवरून दिसतं, खुलासा करा.

मी चक्रावलो. मनगटाला पट्टी बांधलेला फिटर तर भडकलाच. तो गुजराती. “अरे भाई, तू तो पहेलेथी बंद करतो हतो ने! में मारी आंखे जोयुं छे!”

तू आधीपासूनच बंद करत होतास, मी डोळ्यांनी पाहिलंय, असं तो म्हणत होता. करतो हतो. मराठीत करत होतो. दोन्ही भाषांत जे सरळ होतं, ते माझ्या इंग्रजीत आलंच नव्हतं.

आम्ही बडोद्यातच अकोट्याला भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर घरमालकीण बाई राहतात. जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला त्यांचा. बायको म्हणाली, “अहो, वकिलाकडे नंतर जा. आधी बाईंना दाखवा.”

बाईंनी मेमो वाचला, रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला.

“काल संध्याकाळी मी जिन्यातून हाक मारली, तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“दाढी.”

“करून झाली होती?”

“नाही. अर्ध्या गालावर साबण होता.”

“मग ते इंग्रजीत सांगा.”

“व्हेन यू कॉल्ड, आय शेव्ह्ड.”

“म्हणजे मी हाक मारली आणि ती ऐकून तुम्ही दाढी केलीत. माझ्या हाकेवर कशाला दाढी कराल तुम्ही?”

मला हसू आलं आणि मी रिपोर्ट पुन्हा पुढे ओढला. रिपोर्टात मी नेमकं हेच केलं होतं. बाईंनी कागदावर लिहिलं : ‘आय वॉज शेव्हिंग व्हेन यू कॉल्ड.’ “काम आधी सुरू झालेलं आहे, संपलेलं नाही, आणि मध्येच दुसरं काही घडलं. जे चालू होतं त्याला वॉज आणि आयएनजी. जे मध्ये येऊन घडलं त्याला साधा भूतकाळ. अनेक माणसं असतील तर वेअर. आता दहा वाक्यं करून आणा.”

दहा कसली, मी शंभर केली. कारखान्याच्या बसमध्ये बसून मनातल्या मनात चालायचं. मी चहा पीत होतो तेव्हा बस आली. आम्ही मांडवीच्या बाजारात कापड बघत होतो तेव्हा फोन वाजला. मुलगी अभ्यास करत होती तेव्हा वीज गेली. इतकी चटक लागली की जिथे तिथे मी वॉज घालू लागलो. बाईंना ऐटीत म्हणालो, “आय वॉज नोइंग दॅट द व्हॉल्व्ह वॉज टाइट.”

“छे! माहीत असणं हे काही हातातलं काम नव्हे. आय न्यू. आणि रोज बसने जायचो, त्यालाही वॉज गोइंग नको. आय वेंट एव्हरी डे, झालं.”

हे मला पटलं. पटल्यावर मात्र पुन्हा चुकलं नाही.

चौकशीला तीन माणसं बसली होती. प्रमुख साहेब चेन्नईहून आलेले, हिंदी बेताची. आमचे मॅनेजर म्हणाले, तुझं बोलणं मी त्यांना इंग्रजीत सांगतो. मी नको म्हटलं. उभा राहिलो आणि सावकाश बोललो. पंप थरथरू लागला तेव्हा मी व्हॉल्व्ह बंद करायला सुरुवात केली. ‘आय वॉज क्लोजिंग द व्हॉल्व्ह व्हेन द अलार्म रँग.’ तोवर सोळा फेरे झाले होते आणि रिपोर्टातलं वाक्य मीच चुकीचं लिहिलं, हेही सांगितलं.

साहेबांनी विचारलं, “सोळा फेरे झाले होते, हे कशावरून?”

“आय वॉज काउंटिंग, सर.”

पुढे मी म्हणालो, अलार्मच्या आधीच्या दोन मिनिटांचा दाबाचा आलेख काढून बघा. तो आलेख कोणी काढलाच नव्हता. माझ्याच रिपोर्टात उत्तर आहे म्हटल्यावर कोण कशाला शोधेल? स्क्रीनवर रेघ आली. अलार्मच्या बऱ्याच आधीपासून ती हळूहळू खाली उतरत होती, म्हणजे व्हॉल्व्ह तेव्हापासूनच बंद होत होता. साहेबांनी रेघेवर बोट ठेवून वेळ ताडून पाहिली. मग मेमोवर काट मारून त्यांनी सही केली आणि जोड का फुटला, याची वेगळी तपासणी लावली. जोडातून तेल गळू न देणारी गॅस्केट जुनी झालेली निघाली.

फिटरचं मनगट महिन्याभरात बरं झालं. आता आमच्या शिफ्टचा कुठलाही रिपोर्ट वर जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. नव्याने लागलेली डिग्रीवाली पोरंही आणून देतात. मी पेन्सिल घेऊन बसतो आणि एकेकाला विचारतो, “हे झालं होतं, की चालू होतं?” बहुतेक जण थबकतात, डोळे मिटून तो क्षण आठवतात आणि मग स्वतःच खोडून नीट लिहितात.