फलकावर मी कोणाच्या खाली

सुरतेच्या माझ्या चुलतभावाला उद्योग कमी पडला की तो मला कामाला लावतो. यंदा त्याने घराण्याची वंशावळ काढली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी, आमच्या कोरीट गावी येतात, तेव्हा तिचा मोठा फ्लेक्स अंगणात लावायचा होता. माहिती त्याने जुन्या प्रोग्राममध्ये भरलेली, आणि फ्लेक्सजोगं चित्र काढून देणारा प्रोग्राम दुसराच. "आठून एक्सपोर्ट, तठे इम्पोर्ट, झायं काम!" एवढं फोनवर बोलून त्याने फाईल पाठवली आणि हात झटकले. माझं नंदुरबारला मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार चालू करतो म्हणजे मला सगळंच दुरुस्त करता येतं, असा भाऊबंदांचा समज आहे.

पहिल्यांदा फाईल उघडली तर खापरपणजोबांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. म्हटलं, वा रे घराणं! ते सोपं निघालं. एक्सपोर्ट करताना अक्षरांचा प्रकार चुकीचा निवडला होता. भावाकडून फाईल पुन्हा मागवली आणि नावं आली.

ती बघायला माय शेजारी येऊन बसली. इथे एक सांगायला हवं. आबा आणि मायला मूल नव्हतं. आबांच्या धाकट्या भावाच्या बायकोने तिचा दुसरा मुलगा, म्हणजे मी, पाळण्यातून उचलून मायच्या ओटीत घातला. तेव्हापासून जिने वाढवलं ती माय आणि जिने जन्म दिला ती काकी. गल्ली एकच, दारं समोरासमोर, पण हाक कधी चुकली नाही.

माय शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पडद्यावर बोट ठेवून तिने आबांचं नाव वाचलं, मग स्वतःचं. त्याखाली एकच शब्द होता.

"हाई काय लिखेल शे? निर्वंश?"

मी होतो काकीच्या खाली, माझ्या दोन सख्ख्या भावांच्या मधे.

"मंग यास्नी घागर कोन भरी?" माय म्हणाली.

आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर मुलाने भरायची असते; आबा गेल्यापासून त्यांची मीच भरतो. माय उठून चुलीकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझं डोकंच फिरलं. भावाला फोन लावला.

"अरे शहाण्या, निर्वंश कोनी लिखं?"

"मूल नसनं ते काय छापानं, आशे प्रोग्राम इचारस. मी तो शब्द टाकी दिधा. तुले ते मी दोन्हीकडे जोडेल शे ना!"

"आपल्याकडे ती शिवी शे रे, गाढवा!"

जोडलं होतं, ते खरं. फाईल नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा कळलं. माझ्या नावाखाली, मी कोणत्या घरचं मूल, याच्या दोन ओळी होत्या, आणि दुसरीखाली दत्तकाची खूण. नवा प्रोग्राम पहिली ओळ घ्यायचा आणि दुसरी सोडून द्यायचा. बरं, म्हणून मी स्वतःला दोनदा भरलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. तर एकाच नावाचे दोघे चुलतभाऊ झाले आणि माझ्या बायकोला दोन नवरे! तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "एकच जड होस माले." तो उपाय बाद.

शेवटी ओळींची अदलाबदल केली. मायचं घर वर, काकीचं खाली. इम्पोर्ट केलं आणि मी मायच्या खाली आलो. तो मेला शब्द गेला. पण आता काकीच्या खाली दोनच पोरं उरली. चित्रात एकाच माणसाच्या डोक्यावर दोन घरं बसेनात. छापायला देण्याआधी काकीला विचारायचं ठरवलं. पाय निघत नव्हता, तरी गेलो.

काकी ओट्यावर लसूण सोलत होती. सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"एकदाव दिधा ते दिधा," ती म्हणाली. "आते फलकवर परत मांगू का?"

फ्लेक्स छापला. आखाजीच्या दिवशी मी आबांची घागर भरली, आणि पंगतीआधी सगळ्या बाया फलकापुढे गोळा झाल्या. मायने माझ्या नावावर बोट ठेवलं, स्वतःच्या नावापर्यंत रेघेवरून फिरवलं, आणि येईल त्या लेकीला दाखवत सुटली. इतकी खूश मी तिला आबा गेल्यापासून पाहिली नव्हती.

गर्दी पांगल्यावर काकी आली. तिला वाचता येत नाही.

"मन्हं वाच," म्हणाली.

मी तिचं नाव वाचलं, काकांचं वाचलं, मग थोरल्याचं, मग धाकट्याचं. त्या दोन नावांच्या मधल्या जागेकडे तिने पाहिलं.

"बरोबर शे," ती म्हणाली. "चाल, पुरनना मांडा थंडा हुई जाईन."

हो काकी, म्हणायला मी तोंड उघडलं. जन्मभर म्हणत आलोय. 'काकी' हा शब्द त्या दिवशी काही केल्या बाहेर आला नाही.