पाना म्हणजे चमचा

गल्लीत त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, आणि त्यांची बायको आपसूकच सगळ्यांची वहिनी झाली. मोटरसायकल दुरून येताना नुसती ऐकली, तरी तिचं काय दुखतंय ते उस्ताद सांगायचे. तोंडही तसंच चालायचं. गिऱ्हाईक हसून हसून बिलाकडे बघायचं विसरे. मग एका सकाळी दात घासता घासता ते कोसळले. उजवं अंग लुळं पडलं आणि जिभेवर भलतेच शब्द यायला लागले. पाण्याला छत्री, पान्याला चमचा. चुकलेला शब्द त्यांच्याच कानावर पडला की चेहरा पार उतरायचा.

त्यांचं गॅरेज बंद झालं. वहिनी त्यांच्याच गाडीवरून लॉन्ड्रीतल्या चादरी दवाखान्यांत पोचवायला लागली. एकदा भर चढावर चेन घसरली आणि मागचा टेम्पो जेमतेम थांबला. इंजिनाजवळच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राचे, दात झिजून आकड्यासारखे वाकले होते. दुसऱ्या मेकॅनिकचं नाव काढताच उस्तादांनी डोळे असे वटारले, की ती नवं स्प्रॉकेट घेऊन थेट घरी आली.

सुट्टीच्या दिवशी गाडी पुढच्या खोलीत घेतली. उस्ताद उजव्या बाजूला स्टुलावर बसले. डाव्या हाताने ब्रेकचं पायडल दाबून धरणं, एवढं काम त्यांना जमत होतं. वहिनीने डावीकडचं कव्हर काढलं, नटामागच्या वॉशरचा दुमडलेला काठ छिन्नीने सरळ केला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि पान्याला पाइप जोडून सगळा भार दिला.

"दाबून धरा हं!"

नट करकरत सुटला. मागचं चाक ढिलं करून तिने चेन उतरवली, नवं स्प्रॉकेट बसवून चेन चढवली, नट आवळला, चाक पुन्हा घट्ट केलं. घामाने डबडबली होती, पण खूश होती. उस्ताद मात्र वाकून पलीकडे बघत म्हणाले, "दार."

तिने उठून दार लोटलं.

"दार! दार लाव!"

"लावलं की! अहो, किती ओरडाल? सकाळपासून एकटी राबतेय मी, आणि तुम्ही नुसते डाफरताय!"

 ती कव्हर उचलायला वळली आणि मागे धप्पकन आवाज आला. टाकीवरून पलीकडे हात घालताना उस्ताद स्टुलासकट पडले होते. कपाळातून रक्त येत होतं. तिने धावत जाऊन त्यांना बसतं केलं, पदर कपाळावर दाबला, तरी त्यांचं बोट गाडीकडेच. शेवटी तिने त्यांना काखेत धरून डाव्या बाजूला आणलं. त्यांनी वॉशरच्या सरळ राहिलेल्या काठावर बोट ठेवलं आणि तो नटाच्या अंगावर दाबल्यासारखं केलं.

"दार," ते पुटपुटले.

दार म्हणजे हा काठ, हे वहिनीला आता कळलं. काठ दुमडायचाच राहिला होता; नट केव्हातरी रस्त्यात सुटला असता. तिने हातोडीने तो नीट बसवला.

"आता बरोबर?"

उस्तादांनी मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांना रडू फुटलं होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चादरी घेऊन निघाली. चढावर गाडी छान ओढत होती. कामावर बाकीच्या बायकांनी विचारलं, "कुणी करून दिलं गं?"

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली, आणि चादरींचं पुढचं गाठोडं गाडीवर बांधायला लागली.