साडूंची जीभ आणि छावणीतलं पिंप

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात एकही गोष्ट चाखल्याशिवाय मान्य केली नाही. एक देव काय तो अपवाद, आणि त्याचंही तीर्थ ते जिभेवर घोळवून, डोळे मिटून, मगच गिळत. धारूरला त्यांचं किराणा दुकान होतं, पण गावात त्यांना दुकानदार कुणी म्हणतच नसे. 'जिभेवाले' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा त्यांच्या दारात आणून सोडी. गूळ कुणाच्या मळ्यातला हे ते सांगतच, वर "चुलाणावरचा गडी झोपला व्हता" असा शेराही मारत, आणि चौकशी केली तर तो खरंच झोपलेला निघे. एकदा किल्ल्यावर फिरायला गेलो असताना या गृहस्थांनी ढासळलेल्या बुरुजातला चुन्याचा खडा उचलून जिभेला लावला. "बेलफळ घातलंय, पन गुळात हात आखडलाय. पडंल न्हाई तर काय," असं म्हणून ते पुढे चालू लागले. माझं लग्न ठरवायला मुलीकडचे थोरले जावई म्हणून ते मोमिनाबादेला आमच्या घरी आले होते. अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात हेच नाव होतं. आईनं पुढे केलेल्या तांब्यातलं पाणी त्यांनी चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "हिरीचं पानी मचूळ हाय, पन माणसं बरी दिसतेत." माझ्या वडिलांनी हे वाक्य त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. लग्न मात्र झालं, आणि असला साडू माझ्या पदरात पडला तो कायमचा.

त्यांच्या चाखण्याला कुणी चाखणं म्हणायचं नाही. ती 'चव' असे, आणि चव असली की गल्लीतल्या फोडण्या बंद. हा त्या गल्लीचा कायदाच होता. सकाळपासून ते पाण्याचा थेंब घेत नसत, आणि चार घरांत कुणी लसूण-मोहरीचा तडका दिला तर नाक बिघडतं म्हणून चव दुसऱ्या दिवसावर जाई. बाया बोटं मोडत, पण भाजी बिनफोडणीची करत. गावच्या दारू विकणाऱ्या कलालाकडची शिंदी आणि मोहाचीसुद्धा तेच तपासत. आता ते स्वतः सोमवार पाळणारे, शंकराचे भक्त, दारूचा एक थेंब पोटात गेलेला नाही. मी एकदा छेडलं, "अहो, हे कसलं सोवळं?" तर म्हणाले, "घशाखाली उतरलं ते पाप. जिभंवर ऱ्हायलं ते ग्यान." घोट तोंडात धरायचा, गालातून गालात फिरवायचा, थुंकायचा, खळखळून चूळ भरायची आणि मग एकच शब्द बोलायचा. त्या शब्दावर कलालाचं मडकं विकलं जाई नाहीतर ओतलं जाई. आणि गाव अभिमानानं सांगे की आमचा माणूस उभा जन्म दारू चाखतो, पण पीत नाही.

मानमोडीच्या, म्हणजे त्या मोठ्या फ्लूच्या, साथीत साडू मरता मरता वाचले. उठून बसले ते एक नवीन खूळ घेऊन. आता म्हणे मालाला झोप लागल्याशिवाय त्याची चव कळत नाही. कुणी गूळ आणो, तेल आणो, कलाल मोहाची बाटली आणो, "ठिवून जा. रातभर निजू दे त्याला, सकाळच्याला सांगतो." मी पोट धरून हसलो. तेलाला पांघरूण घालता का, असंही विचारलं. एरवी असल्या थट्टेला ते सणसणीत उत्तर द्यायचे. त्या वेळी नुसतेच हसले, आणि मला वाटलं, चला, साथीनं माणूस जरा नरम पडला.

मग ते पिंप आलं. मोमिनाबादची फौजेची छावणी उठून पुष्कळ वर्षं झाली होती. साहेब लोकांच्या मेसच्या तळघरातलं अडगळीचं सामान विकायला निघालं, त्यात मोडक्या खुर्च्यांबरोबर एक भरलेलं पिंप कलालानं घेतलं. मेसचा म्हातारा खानसामा त्याला म्हणाला होता की यात तांबडी विलायती बियर आहे, साध्या बियरपेक्षा दुप्पट जहाल, आणि हे पिंप ओक नावाच्या लाकडाचं आहे, साहेब लोक त्यात ती वर्षानुवर्षं मुरू देतात. कलालानं फुशारकीनं हे गावभर केलं आणि तिथंच फसला. कारण तालुकदारसाहेब, म्हणजे निजामाचे जिल्ह्याचे कलेक्टर, शिकारीला धारूरच्या डोंगरात येणार होते, बरोबर एक गोरा पाहुणा, आणि बंदोबस्ताला आधी येऊन बसलेल्या तहसीलदारसाहेबांच्या कानावर ती बातमी गेली. तहसीलदार पाच वेळा नमाज पढणारे, दारूला शिवणं दूरच. पण पाहुण्याची सरबराई तर झाली पाहिजे. माल नासका निघाला आणि गोऱ्याचं पोट बिघडलं तर काय, म्हणून त्यांनी विचारलं, गावात पारख कुणाला आहे? गावानं एका तोंडानं नाव सांगितलं.

आक्काचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, मला निरोप आला की असाल तसे निघून या. मी पोचलो तो चवीचाच दिवस. गल्ली चिडीचूप, एका घरातून फोडणीचा वास नाही. साडू देवापुढे बसले होते. आक्कानं मला परसात नेलं आणि सरळ सांगून टाकलं.

"दाजी, यांच्या जिभंला चव न्हाई."

मला आधी कळेचना. "म्हणजे?"

"मानमोडीत गेली. गुळवेलाचा कडू काढा पोरगं दूध पितंय तसा पिले, तवाच मी वळखलं. तवापासून माल रातीला मी चाखते, अन् सकाळच्याला हे सांगतेत."

मी एकेक माल आठवून विचारलं. गूळ, तेल ठीक, पण मोहाची? आक्कानं मान खाली घातली. जी बाई दारू प्यालेल्याला ओट्यावर चढू देत नसे, ती नवऱ्याच्या शब्दासाठी दार लावून मोहाची जिभेवर घेत होती. "पन ह्ये पिंप घरी येत न्हाई," ती म्हणाली, "चावडीवर समद्यांम्होरं फुटनार. मला तिथं जाता येत न्हाई. तुमी यांच्या शेजारी बसा. आधी साडूनं चाखायचं, मग मी, असं हे सांगतील. चांगलं असलं तर पागोट्याला हात लावा, नासकं असलं तर खोका. यांची आब ऱ्हावू द्या, दाजी."

आता माझी जीभ म्हणजे तंबाखूनं भाजलेलं चामडं. बायकोनं दोडकं करून भोपळा म्हणून वाढलं तरी मी जेवून उठतो. पण आक्काच्या डोळ्यांत पाहून नाही म्हणायची छाती झाली नाही.

चावडीसमोर सगळं गाव लोटलं होतं. मध्ये ते पिंप, लोखंडी कड्यांचं, काळपट. कलालाच्या तोंडचं पाणी पळालेलं. तहसीलदारसाहेबांनी साडूंना समोर बसवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "देखो मियाँ, गोरे साहब का मामला है. बिगडी हुई चीज गई तो मेरी नौकरी जाएगी. और मेरी गई, तो तुम्हारी ये जबान भी सलामत नहीं रहेगी." साडूंनी हात जोडले.

तोटी ठोकली. कोऱ्या बोळक्यात उतरलेली ती बियर भिजवलेल्या आमसुलाच्या रंगाची होती. साडूंनी आपला नवा नेम सांगितला, आणि त्यांचे नेम विचित्रच असतात म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. बोळकं माझ्याकडे आलं.

देवाशपथ सांगतो, मी घोट घेतला आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. आधी सणकून आंबट. मग ओल्या लाकडाची तुरट चव. मग कुठून तरी करपलेल्या गुळासारखं गोड आलं आणि छातीत निखारा ठेवल्यासारखं गरम झालं. हे चांगलं की नासकं? अहो, मी काय मेसमध्ये वाढलो होतो? साडू माझ्याकडे बघत होते. तहसीलदार साडूंकडे बघत होते. पागोट्याकडे हात न्यावा तर गोरा मरतो, खोकावं तर कलाल मरतो. माझा हात मांडीवरून हललाच नाही. साडूंनी क्षणभर वाट पाहिली, माझ्या हातातून बोळकं घेतलं आणि तोंडाला लावलं.

गालातून गालात नेहमीसारखं फिरवणं झालं. थुंकायचं भांडं कलालानं पुढे सरकवलं. साडूंचे डोळे एकदम उघडले, त्यांना पाणी आलं, आणि भरचावडीत, सगळ्या गावादेखत, त्यांनी तो घोट गिळला.

गर्दीतून एक हुंकार उठला. साडूंना त्याचं भानच नव्हतं. त्यांनी आणखी एक घोट घेतला, तोही गिळला आणि लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, "आंबट हाय."

"खराब है?" तहसीलदारांनी विचारलं.

"खराब न्हाई म्हनलो, हुजूर. आंबट म्हनलो."

"एक ही बात है," तहसीलदार म्हणाले आणि सुटकेचा श्वास टाकून त्यांनी पिंप नाल्यात ओतायचा हुकूम सोडला. पाहुण्याला सीताफळाची रबडी द्यायचं ठरलं, आणि कलाल शिक्षा टळली एवढ्यावरच खूश होऊन पाया पडला. लोक पिंप लोटू लागले तसे साडू उठले. जन्मात कुणापुढे पदर न पसरलेला माणूस तहसीलदारापुढे वाकून म्हणाला, "हुजूर, येक तांब्या मला द्या."

त्या एका वाक्यानं त्यांनी काय घालवलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गावानं वाट करून दिली, पण ती आदराची नव्हती. भरलेला तांब्या धोतराच्या सोग्याखाली झाकून ते चालले होते आणि मागून कुणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं, "चाखता चाखता गेला बे म्हातारा." खरं काय ते सांगावं तर आक्काचं नाव चावडीवर येणार. साडूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला मात्र त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, अजूनही वाटते.

पुढे मोमिनाबादेत तो म्हातारा खानसामा भेटला. तो म्हणाला, ती बियर आंबटच असते, साहेब लोक त्या आंबटपणासाठीच तर ती मुरवायचे. आता हे सांगून काय उपयोग? धारूरच्या नाल्याकाठच्या बाभळी तेवढ्या तर्र झाल्या असतील.

घरी गेल्यावर साडूंनी आक्काला एवढंच सांगितलं, "लागलं गं. आंबट लागलं." तिनं देवापुढे दिवा लावला आणि पानं वाढली. जेवणाआधी तिनं स्वतःच्या हातानं पळीभर ती बियर त्यांना दिली. त्यांनी ती जिभेवर घोळवली, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला आणि थांबले.

"मीठ जास्ती पडलंय."

"लई पडलंय?" आक्कानं विचारलं.

"लई."

आक्का पदरात तोंड लपवून हसली की रडली मला सांगता येणार नाही. स्वयंपाकाला नाव ठेवलं म्हणून इतकी सुखावलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

तांब्या पुरवून पुरवून वापरला. पळीभर जिभेवर घेतली की जेवणापुरती चव जागी व्हायची, मग पुन्हा सगळं मातीमोल. तेवढ्या दिवसांत साडूंनी प्रत्येक ताटात खोट काढली. ताक शिळं, भाकरी करपली, वरण अळणी. मला दाट संशय आहे, आक्का मुद्दाम चुकवायची. कलाल त्यानंतर पुन्हा आला नाही. गल्लीत कुणी त्यांच्यासाठी फोडणी थांबवेना, भरदुपारी लसणाचे तडके बसत. साडू गादीवर बसून शेरभर साखर मोजून देत आणि कुणी दात काढले तर तागडीकडे बघत राहत.

तांब्या संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धारूरला गेलो होतो. दोघं एका पंगतीला बसलो. आक्कानं वाढलं आणि चुलीपाशी उभी राहिली. साडूंनी घास घेतला, बराच वेळ चघळला.

"कशी झालीय आमटी?" तिनं विचारलं.

साडूंनी तिच्याकडे पाहिलं. "झकास झालीय," ते म्हणाले.

मीही तोवर घास घेतला होता. तिनं आमटीत मिठाचा खडाही घातला नव्हता. आक्का हातातली पळी धरून तशीच उभी होती.

"खरंच झकास आहे," मी म्हटलं आणि वाटी पुढे केली.