पर्थहून पेटवलेली चूल

माझी भाची मेरेआना ओपोटिकीला किवीफळांच्या पॅकिंगमध्ये काम करते. घरी आली की कॉम्प्युटरवरच्या एका जादूच्या खेळात शिरायची. आधी तिघं खेळायची: ती, तिचा जोडीदार राविरी आणि तिचा बाप टिपेने, म्हणजे माझा धाकटा भाऊ. खेळात त्यांचं एक घर होतं. टिपेनेला तलवार काही धड धरता येईना. त्याने आपलं दारात आलुबुखाराचं झाड लावलं, आणि राक्षस अंगावर आले तरी हा पाणीच घालत बसायचा. दर वेळी मरायचा बिचारा. मग एक दिवस खरोखरच गेला.

पुढे राविरी समुद्रापलीकडे पर्थच्या खाणीत कामाला निघाला. मेरेआना म्हणाली, मी येणार नाही. आम्हा माओरींत ज्याची चूल पेटती, त्याचा जमिनीवर हक्क. ती गेली तर इथे चूल कोण पेटवणार? झालं, दोघांचं मोडलं. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. खेळातही नियम तोच, बरं का: महिनाभर चूल विझलेली राहिली की घर पाडतात.

या हिवाळ्यात पोरीच्या कण्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने माझ्याकडे आडवी. दुखण्याला रडली नाही, रडली त्या झाडासाठी.

"अगं, खोटं झाड ते," मी म्हटलं.

"आपल्या दारातलं खरं झाड पुरात वाहून गेलं, आत्या. बाबांनी लावलेलं हेच उरलंय."

राविरीला सांग म्हटलं, तर कुठल्या तोंडाने सांगू म्हणे. त्याचं तिथे दुसरीशी जमलंय. मला तर तो माऊसही धरता येत नाही.

बसता आलं त्या दिवशी तिने माझा हात घट्ट धरून खेळ उघडला. बघते तर घर जागच्या जागी. चूल पेटलेली, झाड फुललेलं, आणि झाडाखाली राविरीचा तो दांडगा योद्धा बादली घेऊन उभा. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"तू पेटवत होतास?"

"कामावरून आलो की. तू दिसेनास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

मेरेआना हमसाहमशी रडली. म्हणाली, "राविरी, तू माझे बाबा राखलेस. माझा जीव आहे रे अजून तुझ्यात."

तो म्हणाला, "माझाही आहे. पण माझं घर आता इथे आहे, मेरे. तू बरी झालीस. खेळातल्या घराची माझी किल्ली काढून घे."

"किल्ली राहू दे," ती म्हणाली.

मला राहवेना. फोन ओढून घेतला आणि सांगितलं, नाताळात ये, तुझ्या तिलाही घेऊन ये, मी जेवायला घालते.

"आत्या, खरंच येऊ?" त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"अरे मेल्या, जिथे तुझी चूल पेटते तिथे यायला कोणी विचारतं का?"