डिस्कवरची चाळीस मिनिटं

मी भांडखोर आहे असं आमच्या भिसेगावच्या आळीत सगळ्यांचं मत आहे, आणि ते मी कधी खोडून काढलेलं नाही. पोटासाठी मी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचं काम करते. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. वरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला डिस्कशी, कीबोर्डशी बोलायचं तर त्याच्यामार्फत बोलावं लागतं. हे काम घरी बसून चालतं, त्यामुळे शेजारणी आईला विचारतात, "पोरगी दिसभर टकटक काय करते गं?" आई म्हणते, "तिलाच इचारा. मला नाय कळत." मला कुणी विचारत नाही.

बाबा मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. आमचं मूळ घर पोशीरचं, भातशेतीचं, आणि तो बॉयलरही भाताच्या तुसावर चालायचा. "भातानं पिच्छा सोडला नाय," बाबा हसून म्हणायचे. तुसाच्या बॉयलरची एक वाईट खोड असते. लाइट गेली की पाण्याचा पंप थांबतो, पण आग थांबत नाही. मग अटेंडंटने धावत जाऊन वाफेवर चालणारा दुसरा पंप हाताने सुरू करायचा. नाही केला तर काय होतं ते बाबा आम्हाला कधी सांगायचे नाहीत.

त्यांच्या केबिनमध्ये एक म्हातारा कॉम्प्युटर पाण्याची पातळी दर मिनिटाला नोंदवायचा. त्याची आतली बॅटरी संपलेली होती. लाइट गेली की मिनिटभरात तो केबिनपुरत्या छोट्या जनरेटरवर परत सुरू व्हायचा, पण कित्येक वर्षांपूर्वीची तारीख घेऊन. नवी बॅटरी काही आली नाही, पडद्यावर चिठ्ठी तेवढी आली: ‘लाइट गेल्यास प्रथम तारीख व वेळ लावणे.’ तिन्ही पाळ्यांच्या माणसांना ते अंगवळणी पडलं होतं.

बाबांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना एका दुपारी लाइट गेली. त्यात बॉयलरची एक नळी फुटली, कारखाना काही दिवस बंद राहिला आणि बाबांच्या हातात चार्जशीट पडली. तिच्यात लिहिलं होतं: लाइट गेल्यावर चाळीस मिनिटं अटेंडंट झोपला होता, कारण कॉम्प्युटरमध्ये त्या चाळीस मिनिटांची नोंदच नाही. बाबांनी लॉगबुकात हाताने सगळं लिहिलं होतं. ते मागाहून लिहिलं, असं वर ऐकवलं.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. "तीस वर्सं आगीसमोर उभा हाय मी. नोकरी जाऊदे, पन झोपलो म्हनतात गं." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला संताप आला, आणि संतापले की माझं डोकं बरं चालतं.

"घड्याळ कधी लावलंत?"

"समदं निस्तारल्यावर. आधी पानी घेतलं."

तिथेच उलगडा झाला. घड्याळ लागेपर्यंतच्या सगळ्या नोंदी जुन्या तारखेखाली गेल्या होत्या. आणि जागा मोकळी करायला तो कॉम्प्युटर दर पाळीच्या शेवटी जुन्या नोंदी आपोआप पुसायचा. ताज्या नोंदींना शिळं समजून त्याने त्या पुसून टाकल्या होत्या.

चौकशीत बाबांच्या बाजूने त्यांच्या पाळीतला एक सोबती उभा राहिला. जाणकार म्हणून मला बसू द्यावं, असा अर्ज त्याने केला. कॉम्प्युटरच्या आत डिस्क ज्या कार्डाला जोडलेली होती त्याचा नंबरही त्यानेच आधी टिपून आणला होता. कारखान्याचे मॅनेजर अर्ज वाचून हसले. "बसू द्या की. आमच्या इंजिनिअरने डिस्क बघितलीय, मॅडम. डिलीट म्हणजे डिलीट."

हे माझ्यासमोर म्हणू नये. रेशनकार्डावरून नाव कापलं म्हणून माणूस मरत नाही. फाइल पुसली की यादीतलं तिचं नाव जातं, मजकूर डिस्कवर जिथल्या तिथे असतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. नेहमीच्या रस्त्याने विचारलं तर कर्नल यादी बघतो आणि नाही म्हणून सांगतो. मी यादीलाच विचारणार नव्हते. थेट डिस्कला सांगायचं: मजकुराचा अमुक नंबरचा ठोकळा दे, आता त्याच्या पुढचा दे. ते जुनं कार्ड माझ्या कर्नलच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून दोन रविवार बसून मी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला त्या कार्डाशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, लिहिला. त्यात लिहिण्याची सोयच ठेवली नाही, फक्त वाचण्याची. या रस्त्यावर अडवणारं कुणी नसतं. ती सोय असती तर एक आकडा चुकताच बाबांचा पुरावा माझ्याच हाताने गेला असता.

चौकशीच्या टेबलावर, सगळ्यांसमोर ती डिस्क कार्डासकट माझ्या कॉम्प्युटरला जोडली. ती खर्र खर्र वाजली आणि वाचन थांबलं. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. चूक माझीच होती: घाईत मी एका दमात पुष्कळ ठोकळे मागितले होते, आणि त्यातल्या एका खराब ठोकळ्यापायी डिस्क सगळेच नाकारत होती. मी एकेक मागायला सुरुवात केली, खराब लागला की सोडून पुढे. त्यात अर्धा तास गेला.

मग ओळी आल्या. वर्ष चुकीचं, पण बरोबर चाळीस ओळी, आणि शेवटच्या ओळीतली पातळी घड्याळ लावल्यानंतरच्या पहिल्या नोंदीशी तंतोतंत जुळणारी. पहिल्या दोन मिनिटांत पाणी उतरत होतं. तिसऱ्या मिनिटापासून चढत होतं.

"साहेब, लाइट नसताना पाणी आपोआप चढतं का?" मी विचारलं.

बाबा पडद्याकडे बघत होते, त्यांचे डोळे भरले होते.

झोपल्याचा आरोप तिथेच गळाला. पण हार मानतील तर ते मॅनेजर कसले! घड्याळ लावायचा नियम तरी मोडलाच ना, म्हणाले. चूक कबूल करून दोन ओळी लिहून द्या, विषय संपवू. मी तोंड उघडणार तोच बाबांनी पेन मागितलं. आठ महिन्यांसाठी माणूस वाकतो, आणि वाकला असता तर त्यांना बोल लावायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी सावकाश, लॉगबुकात लिहितात तशा अक्षरात लिहिलं: ‘लाइट गेली. आधी पाणी घेतलं. घड्याळ नंतर लावलं. परत लाइट गेली तर परत असंच करीन.’ खाली सही.

"ही काय माफी झाली?" मॅनेजरांनी विचारलं.

"माफी नाय सायेब. नोंद हाय."

चार्जशीट मागे घेतल्याचा कागद आठवड्याने आला. कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी बाबांनी पडद्यावरची चिठ्ठी काढली आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली चिकटवली: ‘लाइट गेल्यास प्रथम पाणी.’ ते निवृत्त झाले तरी ती काढायची हिंमत कुणाला झालेली नाही.